सम तारखांचा भाऊ, विषम तारखांची बहीण

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांची परवानगी नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. उठायला लागलेला वेळही मनातच धरावा.)

पत्राच्या पहिल्या परिच्छेदात प्रकृतीची चौकशी, दुसऱ्यात हवापाणी आणि कामाचं काय असेल ते तिसऱ्यात, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी शिकवलं होतं. काम पहिल्याच परिच्छेदात आलं तर पत्र उद्धट होतं आणि अगदी शेवटी आलं तर मतलबी, असं त्या म्हणायच्या. तेव्हा आधी प्रकृती. तुझा उजवा खांदा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतोस का, की अजून खिशात ठेवून विसरतोस? वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं असं धाकट्या मावशीकडून कळलं. सहा वर्षं आपल्या दोघांच्या प्रकृतीची बातमी मावशीमार्फतच जाते-येते, आणि मावशी आता ऐंशीच्या पुढे गेल्यामुळे बातमी वाटेत थोडी विस्कटते. गेल्या महिन्यात तिनं सांगितलं की तुमच्याकडे एकानं दाढी वाढवली आहे आणि एकाला मधुमेह झाला आहे, आणि त्यातलं एक मांजर आहे. मी दोन दिवस या वाक्याची मांडणी करून पाहिली. कुणाचं काय, ते कळवलंस तर जीव भांड्यात पडेल.

हवा इकडे बरी आहे. माझ्या खिडकीखालच्या चांभारानं रस्त्याच्या सावलीकडच्या बाजूला बस्तान हलवलं आहे, म्हणजे उन्हाळा आला असं समजायचं. समोरच्या इमारतीला रंग चालू आहे, आणि रंगाऱ्यांनी पहिल्या मजल्यावरच्या वकिलांची खिडकी बाहेरून रंगवून टाकल्यामुळे ते दिवसा दिवा लावून बसतात. माझ्या प्रकृतीबद्दल लिहायचं तर गुडघे सोडून बाकी मी बरी आहे.

आता तिसरा परिच्छेद. पण कामाचं एकदम लिहायचा धीर होत नाही. आईच्या जाण्यानंतर तू फोनवर म्हणालास, "मला कळवायचं की नाही हे तू कोण ठरवणार?" आणि मी म्हणाले, "जे घरात असतात तेच ठरवतात." त्यानंतर आपण बोललो नाही. सहा वर्षं आणि दोन महिने. एवढ्या अवकाशानंतर काही मागायचं म्हणजे आधी घडलेलं सगळं सांगायला हवं, म्हणून हे पत्र लांबणार आहे. तू ते शेवटपर्यंत वाचशील की अर्ध्यातच घडी घालशील, यावर माझं बरंच अवलंबून आहे. लहानपणी तू कुठलंही पुस्तक अर्धं सोडायचा नाहीस, या एका गोष्टीच्या भरवशावर लिहिते आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी अंध माणसांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. आमची मुद्रणाची खोली दातांच्या एका दवाखान्याला लागून आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला आतून रजई. आत पंखा चालत नाही, घड्याळ चालत नाही, बांगड्या चालत नाहीत. पानं उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून ती सुटी करून टेबलावर शेजारी शेजारी मांडायची, पत्त्यांचा डाव मांडतात तशी. ओठांचा चिकट आवाज येऊ नये म्हणून वाचण्यापूर्वी अर्धं सफरचंद खायचं. (पूर्ण खाल्लं तर पोट बोलायला लागतं, आणि माइकला माणसाच्या आवाजापेक्षा पोटाचा आवाज जास्त आवडतो.) सुरुवातीला आवाजाची पातळी पाहण्यासाठी चाचणीचं एक वाक्य बोलावं लागतं, ते नंतर कापून टाकतात. प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असतं. माझंही आहे, त्यात विशेष काही नाही.

खोली एक आणि नियमित वाचक दोन. दुसरे वाचक म्हणजे उद्घोषक. चौतीस वर्षं ते रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करत होते. देह दारात मावत नाही एवढा, आणि स्वभाव इतका मऊ की माशी मारायची तर आधी तिला पूर्वसूचना देतील. आवाज खणखणीत आहे, पण सगळंच ते एका सुरात, गाडीला उशीर झाल्याच्या दुःखानं वाचतात. एका प्रेमकथेत नायिकेनं नायकाला होकार दिला, तर ऐकणाऱ्याला वाटावं की होकार फलाट क्रमांक चारवर येतो आहे आणि त्याला डबे कमी आहेत. चाचणीचं वाक्य म्हणून ते "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" म्हणतात आणि मग स्वतःच थोडं लक्ष देतात.

आमच्या वेळा सांभाळतात तारीखबाई. त्यांचं हे नाव आम्ही ठेवलं आहे, कारण जगातली कुठलीही वस्तू तारखेनं लावली की जागेवर बसते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्या घरी टॉवेल, औषधं आणि नातवंडांचे फोटो तारखेनं लावलेले असतात. (नवऱ्यालाही लावला असावा, तो नेहमी मागच्या ओळीत असतो.) त्यांनी ठरवून दिलं: विषम तारखा माझ्या, सम तारखा उद्घोषकांच्या.

यंदा आम्ही "दोन देश, एक विषय" अशी मालिका काढली. पहिल्याच खेपेला एक फारसी कादंबरी आणि एक अमेरिकन, दोन्ही आपल्या भाषेत आणलेल्या, दोन्ही बावीस प्रकरणांच्या. विषय, घर सोडून गेलेला भाऊ. (विषय मी निवडला. का निवडला हे तिथे कुणी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.) फारसी माझ्याकडे आली, अमेरिकन उद्घोषकांकडे. दोन्ही स्वतंत्र पाठवायच्या आणि आधी माझं दहा मिनिटांचं तुलनात्मक भाषण जोडायचं, असं ठरलं. ते भाषण मी तीन आठवडे खपून लिहिलं आणि आजतागायत ते कुणीही ऐकलेलं नाही, म्हणून त्याचा गाभा तुलाच ऐकवते.

फारसी कादंबरीत बहीण बोलते. ती घरी राहिलेली. अंगणाभोवती खोल्या, मधे निळ्या फरशांचा हौद, काठावर डाळिंबाचं झाड. रोज संध्याकाळी ती चहाच्या तबकात दोन पेले ठेवते आणि एकच भरते. रागानं भावाचं नाव घेत नाही, नुसतं "माझा भाऊ" म्हणते. अमेरिकन कादंबरीत भाऊ बोलतो. तो गेलेला. त्याच्याकडे जुना ट्रक, सरळ रुंद रस्ते, दर प्रकरणात नवं गाव आणि नवं काम, कुठे लाकूड कापायचं, कुठे छपरं शाकारायची. तोही घराचं नाव काढत नाही, "तिकडे" म्हणतो, आणि बहिणीला "ती". मी भाषणात लिहिलं होतं की फारसी कादंबरीतली माणसं घरच्यांशी तासन्‌तास बोलतात, तीनतीनदा प्रकृती विचारतात, आणि मनातलं तेवढं सांगत नाहीत. अमेरिकन माणूस मनातलं सगळं सांगतो, पण पेट्रोल पंपावरच्या अनोळखी माणसाला. तिथे दुःख गार होत चाललेल्या चहात असतं, इथे न लावलेल्या फोनमध्ये. (हे मी एकेका पुस्तकावरून म्हणते आहे. दोन्ही देशांची माफी मागून.) तू आणि मी दोन्ही पद्धती आत्मसात केल्या आहेत, हे मात्र मी भाषणात लिहिलं नाही.

आता अपघात. रोज एक प्रकरण वाचून व्हायचं आणि दर आठवड्याला झालेला भाग आमच्या बेचाळीस श्रोत्यांना जायचा. तारीखबाईंनी विषयाचं नाव पाहिलं, त्याखाली दोन आवाज पाहिले, आणि हात आपोआप चालला. एक तारखेची बहीण, दोन तारखेचा भाऊ, तीन तारखेची बहीण, चार तारखेचा भाऊ. माझं भाषण कुठल्याच तारखेत बसेना, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. अशा रीतीनं बेचाळीस माणसं एक कादंबरी ऐकू लागली, जिच्यातली बहीण हौदाकाठी बसते आणि भाऊ बर्फात छपरं शाकारतो.

हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं, एका फोनमुळे. फोन आमच्या ऑपरेटरबाईंचा होता. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनी जोडल्या, पुढे दृष्टी गेली. त्यांनी नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "बाई, भाऊ महिनाअखेरपर्यंत पोचेल का?"

मी म्हटलं, "कुठला भाऊ?"

"तुमचा. कादंबरीतला हो. त्याच्या ट्रकचे ब्रेक लागत नाहीत आणि तुम्ही इकडे डाळिंबाला पाणी घालत बसलाय. जरा चौकशी तरी करा माणसाची."

मी त्यांना समजावलं की माझ्या पुस्तकात ट्रक नाहीच. त्या म्हणाल्या, तुमच्यात नाही, त्याच्यात आहे, मला ठाऊक आहे, चांगला जुना ट्रक आहे, अकराव्या भागात सुरू होताना किती कुरकुरतो. (ते कुरकुरणं शेजारच्या दवाखान्यातलं दात कोरायचं यंत्र होतं, आणि ते माझ्या प्रकरणात आलं होतं. म्हणजे माझ्या हौदावरून त्यांच्या मते त्याचा ट्रक गेला. कादंबरीत आत्या वारते त्या जागी एका रुग्णाचं कण्हणंही मुद्रित झालं आहे. त्याबद्दल मला तीन अभिनंदनं आली.)

मग बैठक झाली. तारीखबाई रडल्या. दोन्ही कादंबऱ्या वेगळ्या करून पुन्हा पाठवाव्यात आणि सोबत दिलगिरी जोडावी असं ठरलं. दिलगिरी अर्थातच उद्घोषकांनी वाचली. असुविधेबद्दल खेद व्यक्त करण्याचा चौतीस वर्षांचा अनुभव त्या दोन मिनिटांत उतरला. एवढं उत्तम वाचन त्यांनी आयुष्यात केलं नसेल. पण श्रोत्यांनी वेगळ्या कादंबऱ्या घ्यायला साफ नकार दिला. बेचाळीसांपैकी अडतीस जणांना आहे तेच पुढे हवं होतं. तिघांनी अजून ऐकायला सुरुवातच केली नव्हती, आणि एक गृहस्थ पहिल्यापासून फक्त सम भाग ऐकत होते, कारण माझ्या आवाजानं त्यांना शाळेतला गृहपाठ आठवतो. पुढे एकतीस आणि एक या लागोपाठ विषम तारखा आल्या आणि माझी दोन प्रकरणं सलग गेली, तेव्हा एकानं कळवलं की महिना संपताना बहिणीला फार एकटं वाटतं, हे लेखकानं अचूक टिपलं आहे.

ऑपरेटरबाई तर चिडल्याच. म्हणाल्या, "दोन पुस्तकं आहेत हे आम्हाला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? एकीकडे डाळिंबं, एकीकडे बर्फ. आंधळे आहोत, खुळे नाही. पण बाई, एकतीस वर्षं मी एक माणूस या टोकाला आणि एक त्या टोकाला असं ऐकत आले. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत की नाही, हे पहिल्या मिनिटात कळतं मला. लाइन लागलेली आहे. तुम्ही मधेच तोडू नका."

इथपर्यंत, दादा, मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता, कारण सगळ्यांची सहानुभूती बहिणीला होती. मी वाचतही तशीच होते. त्या रिकाम्या पेल्यापाशी आले की माझा आवाज आपोआप दाटायचा (सिस्टर असत्या तर पट्टी आपटून म्हणाल्या असत्या, वाचणाऱ्यानं रडायचं नसतं, ते काम दुसऱ्याला द्यायचं असतं). मनात मी कुणाला ऐकवत होते हे तुला सांगायला नको.

मग आली अठ्ठावीस तारीख. त्याआधी, सतराला, माझ्या फारसी कादंबरीत आई गेली होती. नववं प्रकरण, चांगलं झालं, पुन्हा वाचावं लागलं नाही. आणि अठ्ठावीसला उद्घोषकांच्या अमेरिकन कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात भावाला एक पार्सल येतं. आईनं विणलेला स्वेटर, आणि वर चिठ्ठी, "मी बरी आहे, काळजी करू नकोस."

एकोणतीसला सकाळी ऑपरेटरबाईंचा फोन आला. आवाज वेगळा होता. म्हणाल्या, "आई जाऊन अकरा दिवस झाले. हा स्वेटर कुणी पाठवला?"

मी म्हटलं, "अहो, ती अमेरिकन आई आहे. ती जिवंत आहे."

"असेल. आम्ही ऐकलं ते असं, की त्याला कुणी सांगितलंच नाही. तो स्वेटर घालून छपरावर चढला, बाई. त्याला वाटतंय आई बरी आहे. आणि ती चिठ्ठी कुणी लिहिली? आईनं नाही लिहिली. ती त्या बहिणीनं लिहिली."

मी पुन्हा म्हटलं की पुस्तकं दोन आहेत. त्या म्हणाल्या, "पुस्तकं दोन असतील, चूक एकच आहे. घरात बसलेल्या माणसानं ठरवून टाकलं. इतके दिवस मी तिच्या बाजूनं होते. आता नाही."

मी फोन ठेवला. त्या बाईंना आपल्याबद्दल काहीही माहीत नाही, दादा. एक अक्षरही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक गोष्ट केली, जी खरं तर भाषण लिहिण्यापूर्वी करायला हवी होती. (भाषण मी अमेरिकन कादंबरी चाळून लिहिलं होतं. हे तुलाच सांगते.) गाद्यांच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मी उद्घोषकांची सगळी प्रकरणं ऐकली. तेव्हा कळलं की घरी राहिलेल्याच्या दुःखाला खूप माणसं असतात. शेजारीण जेवण आणून देते, दूधवाला थांबून दोन शब्द बोलतो, घरातल्या वस्तूही सोबतीला असतात. गेलेल्याच्या दुःखाला कुणी नसतं. एकोणिसाव्या प्रकरणात त्याला आई गेल्याचं कळतं, तीन आठवडे उशिरा आलेल्या पत्रातून. तो तेव्हा शिडीवर असतो. पत्र वाचतो, खिशात घालतो, आणि राहिलेली कौलांची ओळ पुरी करतो, कारण आभाळ भरून आलेलं असतं आणि घर दुसऱ्याचं असतं. उद्घोषकांनी तेही गाडीला उशीर झाल्याच्याच सुरात वाचलं. त्या प्रकरणाला तोच सूर हवा होता.

मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, की फोन आला तेव्हा तू कुठे होतास. उभा होतास की बसलेला. हातात काय होतं. मग ते कुठे ठेवलंस.

आता जे सांगायचं आहे ते मावशीलाही माहीत नाही. आईची शेवटची तीन पत्रं तुला आली होती ना, ती मी लिहिली. तिला पेन धरवत नव्हतं. "त्याला कळवू नकोस, धावत येईल," असं ती म्हणायची ते खरं आहे, ते मी तुला तेव्हाही सांगितलं. पण पत्रांचं सांगितलं नाही. ती फक्त "बरी आहे लिही" एवढंच म्हणायची. बाकीचं सगळं माझं. तिचा झोकदार "ल" मला हुबेहूब जमायचा. दुसऱ्या पत्रात "तुझी बहीण माझं फार करते" असं वाक्य आहे, तेही मीच घातलं, आणि तिसऱ्यात "फारच करते" असं. आई असं कधीच म्हणाली नसती. ती म्हणायची, चादर नीट ओढ. त्या पत्रांमुळे तुला वाटलं की अजून वेळ आहे. तो वेळ मी तुझ्याकडून घेतला. ठरवायचा हक्क घरात असणाऱ्याचा, असं मी म्हणाले होते. दादा, तो हक्क नव्हता. मी एकटी पडले होते आणि आई थोडे दिवस तरी पूर्ण माझी राहावी असं मला वाटत होतं. माझं चुकलं.

माझ्या गोवराची तुला आठवण आहे का? मी सात वर्षांची होते, तू अकरा. मला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं आणि तुला आत यायची बंदी होती. तू दाराबाहेर जमिनीवर बसून नऊ दिवस दुपारी मला पुस्तक वाचून दाखवलंस. पान उलटायला तू थांबलास की मला वाटायचं, तू उठून गेलास. मी आतून विचारायचे, "दादा, आहेस ना?" आणि तू दाराला पाय लावून म्हणायचास, "आहे. गप्प ऐक." नऊ दिवस, पानागणिक. तू एकदाही कंटाळला नाहीस. (आठव्या दिवशी तुलाच गोवर आला हे पुढे कळलं. नववा दिवस तू तापात वाचलास.)

माझं फारसी पुस्तक वाचून संपलं. शेवटच्या पानावर बहीण तबकात दोन पेले ठेवते, पहिल्यांदाच दोन्ही भरते, आणि दाराकडे पाठ करून बसते. अमेरिकन पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उरलं आहे. त्यात भाऊ घरासमोर ट्रक उभा करतो. आत दिवा असतो. त्याचा हात किल्लीवर असतो, आणि लेखक तिथेच थांबतो. तो किल्ली फिरवतो की काढून घेतो, हे सांगत नाही. दोन देशांतल्या दोन लेखकांनी एकमेकांना न विचारता दोन माणसांना एका दाराच्या दोन बाजूंना आणून बसवलं, आणि दोघांनाही पुढे काय लिहावं हे सुचलं नाही. माझ्या भाषणाचा शेवट आता मी असा करणार आहे.

वहिनींना नमस्कार. मांजराला, किंवा ज्याला मधुमेह असेल त्याला, गोड देऊ नये.

तुझी धाकटी बहीण,
शेपूट

(हे नाव तूच ठेवलंस, आणि आता ते वापरणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.)

ता. क. कामाचं तिसऱ्या परिच्छेदात लिहायचं राहिलं, सिस्टर क्षमा करोत. उद्घोषकांचा घसा पार बसला आहे. डॉक्टरांनी महिनाभर बोलायला मनाई केली आहे. बेचाळीस माणसं शेवटच्या प्रकरणासाठी खोळंबली आहेत आणि आमच्याकडे दुसरा पुरुषवाचक नाही. सोबत त्या प्रकरणाची अठरा सुटी पानं पाठवते आहे. तू वाचून फोनवर मुद्रित करून पाठवशील का? खोलीतला पंखा बंद कर, मांजराला बाहेर काढ, डोक्यावरून जाड पांघरूण घे, अर्धंच सफरचंद खा. माझ्याशी बोलायची मुळीच गरज नाही. मुद्रण तारीखबाईंच्या पत्त्यावर पाठवलंस तरी चालेल. फक्त सम तारखेला पाठव, नाहीतर त्यांना कळणार नाही कुठे लावायचं.

ता. क. २. वर लिहिलेलं उद्घोषकांना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं आहे की भावाला खरं सांगावं, खोट्या पत्रांनी एकदा झालं तेवढं पुरे. तर, त्यांचा घसा उत्तम आहे. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचायला घेतलं होतं, पण ऑपरेटरबाईंनी फोन करून त्यांना विचारलं, "हा भाग तुम्हीच वाचायला हवा का?" बाईंना सगळं कसं कळलं, देव जाणे. तेव्हापासून ते स्वतःहून घसा बसल्याचं सोंग घेऊन आहेत. तारीखबाईंशी पाटीवर लिहून बोलतात, आणि पाटीवरही "कृपया" लिहितात. महिनाअखेरपर्यंत आपण कळ काढू, त्यापुढे शक्य नाही, असं त्यांनी मला पाटीवर कळवलं आहे.

ता. क. ३. आता एवढं सांगितलंच आहे तर हेही. श्रोत्यांना दोन कादंबऱ्या एक कशा वाटल्या याचा दोष आम्ही तारखांना दिला. पण काल मी माझी प्रकरणं पुन्हा ऐकली. चाचणीचं वाक्य कापायचं तारीखबाई सगळ्या बावीस ठिकाणी विसरल्या आहेत. (त्या म्हणतात, विसरले नाही, मला ते पुस्तकातलंच वाटलं.) म्हणजे हौद, डाळिंब, चहा, सगळं सुरू होण्यापूर्वी माझ्या आवाजात तीन शब्द येतात, बावीस वेळा. ते तुला माहीत आहेत. गोवराच्या वेळचेच आहेत. उद्घोषकांचंही वाक्य कापायचं राहिलंच आहे, म्हणजे त्यानंतर त्या बेचाळीस माणसांना ऐकू येतं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे." एवढ्यावर त्यांनी चाळीस-बेचाळीस दिवस काढले. तूही वाचण्यापूर्वी चाचणीचं एक वाक्य बोलशीलच, नियम आहे. ते कापायचं काम मी स्वतःकडे घेतलं आहे, आणि कात्री हरवली आहे.